घोडा पार्सलने येत नाही

५ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वादाने आरंभ करावा की नुसत्या नावाने, यावर मी बराच विचार केला आणि अखेरीस आपल्या घरात तुझ्यासाठी चालत आलेले संबोधनच वर घातले. त्यावरून कोणताही अर्थ काढू नयेस. हे पत्र समेटाचे नाही. मला एक तांत्रिक माहिती हवी आहे आणि ती देऊ शकेल असा दुसरा माणूस माझ्या परिचयात नाही, एवढेच.

आकाशातील गडगडाट कसा करतात?

प्रश्न आधी आणि पार्श्वभूमी मागाहून, ही बातमीची शिस्त आहे. आता पार्श्वभूमी. तुझ्या पुतणीच्या धाकट्याला, ज्याला आम्ही पिटकू म्हणतो, कांजिण्या आल्या आहेत. पुतणीला लहानपणी त्या आलेल्या नव्हत्या आणि सध्या तिचे दिवस भरत आले आहेत. तेव्हा मुलांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, असे डॉक्टरीणबाईंनी तिला बजावले. जावई तिच्यापाशी, मुले माझ्यापाशी. थोरली भिंगरी अद्याप धडधाकट आहे, परंतु तिच्याही अंगावर कोणत्याही क्षणी फोड उठतील, म्हणून तिलाही उंबरठा ओलांडण्यास मनाई. मला भीती नाही. मला केव्हा आल्या होत्या आणि कोणाबरोबर, हे तुला सांगावयास नको.

पहिल्या दिवशी मी मुलांना शुद्धलेखन घातले.

"आजोबा, ही कशाची शिक्षा आहे?" पिटकूने विचारले.

"शिक्षा नव्हे. करमणूक."

"मग करमणूक बंद करा ना."

खाजवू द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे. मी त्याच्या हातांना मोजे बांधले. त्याने ते दातांनी सोडवले. भिंगरीने पलंगावरून उड्या मारल्या, पडद्याला लोंबकळली, पडदा खाली आला. खेळण्यांचे खोके दुपारच्या आत संपले. त्यानंतर मी स्नानगृहात गेलो, आतून कडी लावली, नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर नुसता बसून राहिलो. हे कोणाला सांगू नयेस.

बाहेर आलो तो खाज शमवणाऱ्या गुलाबी औषधाची बाटली समोर दिसली. काय मनात आले कोण जाणे, मी तिच्यावरील मजकूर बातम्यांच्या आवाजात वाचला. "वापरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी, असे आज स्पष्ट करण्यात आले. औषध डोळ्यांपासून दूर ठेवण्याचेही आवाहन करण्यात आले आहे."

पिटकूचा हात पाठीवर होता तो तिथेच थांबला. तोंड उघडे! भिंगरी पडद्याच्या ढिगातून म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरेच रेडिओत होतात?"

धाकट्या, तासाभरात आमचे केंद्र उभे राहिले. कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारे उघडी, वर घोंगडी, आत उशा. सायंकाळी बरोबर पाच वाजता प्रक्षेपण. फोन उशीवर ठेवायचा आणि पलीकडे त्यांची आई पडल्या पडल्या ऐकणार. आधी बातम्या, मग हवामान, मग मालिका. मालिकेचा नायक एक घोडा आहे. त्याचे नाव पिटकूने ठेवले: बटाटा. मी हरकत घेतली, परंतु मतदानात हरलो. बटाटा वादळात तबेल्यातून पळून जातो. म्हणून गडगडाट हवा. मी ताटल्या आपटून पाहिल्या. पलीकडून पुतणी घाबरून म्हणाली, "बाबा, काय फुटलं?"

उत्तर पत्राने कळवावे. फोन करण्याची आवश्यकता नाही.

दादा

९ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझे उत्तर नाही. अपेक्षितही नव्हते.

आम्ही स्वतःच्या बळावर पुढे गेलो आहोत! पाऊस साधला. भिंगरीने सपाट चाळणीत सुके वाटाणे घेतले आणि चाळणी तिरपी करून गोल फिरवली. आधी सर आल्यासारखी वाटली, मग संततधार. मी कपाटात डोळे मिटून बसलो होतो आणि क्षणभर मला छत्री आठवली. तू स्टुडिओत हेच करीत असस, फक्त तुझी चाळणी मोठी होती आणि तू तिला कोणालाही हात लावू देत नसस.

परंतु खरा शोध पुढे आहे. पाऊस पाडण्याचे काम पिटकूकडे दिले. संपूर्ण भागभर त्याने एकदाही खाजवले नाही! दोन्ही हात चाळणीला लागलेले, खाजवणार कशाने? मी तत्काळ केंद्राचा नियम जाहीर केला: ज्या हातात आवाज आहे, तो हात अंगाला लागणार नाही. आता सकाळपासून घरात तालीम चालते. आग म्हणजे चॉकलेटचे चकचकीत कागद मुठीत हळूहळू चुरगळणे. बर्फातली पावले म्हणजे मक्याच्या पिठाची पिशवी अंगठ्यांनी दाबणे. वटवाघूळ म्हणजे माझे चामड्याचे हातमोजे एकमेकांवर फडफडवणे. ते हातमोजे मला निवृत्तीच्या दिवशी मिळाले होते आणि मी ते कधी घातले नव्हते. समोरच्या दारातील शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्या आमची पत्रे आणि भाजी दोरीच्या टोपलीतून खालीवर करतात, त्यांनी काल दारापलीकडून विचारले, "काय हो बातमीवाले, पोरं सांभाळताय की जंगल?"

"बाई, जंगलच. उद्यापासून समुद्रही आहे."

"मग माझ्या मशीनची घरघर चालेल का तुम्हाला? आगबोट म्हणून?"

ती घेतली. आता पाचच्या ठोक्याला त्या आपले दार उघडे ठेवून मशीन चालवतात.

गडगडाट मात्र नाही आणि घोडाही नाही. दोन वाट्या फरशीवर आपटून पाहिल्या. भिंगरी म्हणाली, "आजोबा, हा घोडा नाही, ही कामवाली मावशी भांडी घासतेय." मुलगी कान घेऊन जन्मली आहे. कोणाचे, ते मी लिहीत नाही.

तुझा घोडा कसा होता, ते मला नीटसे आठवत नाही. तू काहीतरी तळहातांनी करीत असस.

दादा

१४ फेब्रुवारी

धाकट्यास,

आज टोपलीतून एक लांबलचक खोके वर आले. खोक्यात पत्र नाही, चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. केवळ पातळ पत्र्याचा एक मोठा तक्ता, कडा घासून बोथट केलेल्या, आणि वरच्या काठाला लाकडी दांडा. पाठवणाराचे नाव लिहिण्याचे सौजन्यही दाखवलेले नाही. पण कडा! मुलांची बोटे कापू नयेत म्हणून त्या कोणी किती वेळ घासल्या असतील, हे हात फिरवताच कळले.

भिंगरीने दांडा धरला, तक्ता लोंबता ठेवला आणि मनगट जरासे हलवले.

धाकट्या! तो गडगडाट घरात मावेना! आधी दूरचा, मग छपरावर, मग पुन्हा दूर. पिटकू पलंगाखाली गेला आणि तिथून ओरडला, "परत! परत!" शिवणाऱ्या बाईंनी दार ठोठावून विचारले की वाळत घातलेले कपडे काढू का. पुतणी फोनवर हसत सुटली आणि पोटातल्यानेही लाथ मारली म्हणाली.

बटाटा आता वादळात हरवला आहे. हे ऐकावयास सोपे वाटते, परंतु हरवण्याचे खरे कारण हे की आमच्यापाशी त्याच्या टापा नाहीत. घोडा दाखवता येत नाही तेव्हा तो हरवावा लागतो. नभोनाट्याचा हा नियम तूच एका दिग्दर्शकाला ऐकवला होतास आणि त्याने तुला बाहेर काढले होते. आता आमच्या प्रत्येक बातमीपत्रात एक ओळ असते, की बटाटा नावाच्या घोड्याचा अद्याप शोध लागलेला नाही.

पिटकूच्या फोडांवर खपल्या धरू लागल्या आहेत. तो बरा होत आहे. वस्तू पाठवल्याबद्दल आभारी आहे. पोच म्हणून एवढे पुरे.

दादा

२० फेब्रुवारी

धाकट्यास,

आता माझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर दे.

काल तुझे दुसरे खोके आले. आत एक रिकामा डबा, त्याच्या बुडाला छिद्र, छिद्रातून ओवलेली दोरी आणि दोरीवर राळ चोळलेली. ती चिमटीत धरून ओढली की जुनाट दार करकरते. उत्कृष्ट. परंतु दाराच्या करकरीविषयी मी तुला एक अक्षरही लिहिलेले नाही! सोळाव्या तारखेच्या भागात बटाट्याला शोधणारी मुले पडक्या गढीत शिरतात आणि पिटकू तोंडानेच "कर्र" म्हणतो. ते अत्यंत वाईट झाले होते. हे ठाऊक होते केंद्रातील तिघांना, शिवणाऱ्या बाईंना आणि फोनवर ऐकणाऱ्या पुतणीला.

मी पुतणीला फोन लावला.

"तुझ्या काकाला करकरणाऱ्या दाराबद्दल कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"बाबा, ओरडू नका, मला ओरडलेलं चालत नाही आता, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी ओरडत नाही. मी विचारतो आहे."

"अहो, काकानं स्वतः ऐकलं. पहिल्या दिवसापासून मी त्याला जोडून घेते. तो पाचला पाच मिनिटं कमी असतानाच फोन करतो मला, म्हणतो, लाव गं तुझ्या बापाचं केंद्र."

"एक शब्द बोलला नाही तो!"

"तुमचं बातमीपत्र चालू असताना बोलायची कोणाची हिंमत आहे?"

म्हणजे तू सर्व ऐकलेस. ताटल्या ऐकल्यास, वाटाण्यांचा पाऊस ऐकलास आणि बाराव्या तारखेच्या भागात "ध्वनिपरिणाम हे अडाण्याचे काम नव्हे, हे माझ्या हट्टी भावास विचारा" असे मी बोलून गेलो, तेही ऐकलेस. मी तुला पत्रे धाडत होतो आणि तू माझ्या उशीवर बसला होतास!

असो. तू आहेस हे आता ठाऊक झाले आहे, तर तेही बोलून टाकतो ज्यावरून आपले बोलणे बंद आहे. भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून ते बंद आहे आणि आता ती मला घोडा शिकवते. त्या सायंकाळच्या बातमीपत्रात ते वाक्य माझ्यासमोर आले. "केंद्रातील ध्वनिपरिणाम विभाग आजपासून बंद करण्यात येत आहे." त्यापुढे हवामान. मी वाचले. तू काचेपलीकडे उभा होतास. नंतर तू मला जिन्यात एवढेच म्हणालास, "दादा, श्वाससुद्धा घेतला नाहीस. माझ्यावरून सरळ हवामानावर गेलास." आणि निघून गेलास. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, की वृत्तनिवेदकाने बातमीत आपला श्वास मिसळू नये. ते वाचन निर्दोष होते. त्यात बदल करण्याची माझी तयारी नाही.

परंतु मुख्य गोष्ट निराळी आहे. भिंगरीला काल फोड उठले. अंगभर, आणि मेल्यांनी तळहातही सोडले नाहीत. चाळणी धरवत नाही, पत्रा धरवत नाही. आमच्या ध्वनिविभागाची प्रमुख भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मोजे बांधले तर नुसती बघते. आता पिटकू सगळे आवाज करतो आणि ती म्हणते, "तो पाऊस नाही, तो वाटाणा आहे." आज पाचचे प्रक्षेपण ती असताना पहिल्यांदाच तिच्याविना झाले. संपल्यावर मी विचारले, "कसे झाले?"

"तुम्ही रोज सांगता घोडा सापडला नाही. तुम्ही शोधतच नाही."

"शोधतो आहोत की."

"मग उद्या आणा. नाहीतर मला ऐकायचं नाही. मी कानात कापूस घालणार."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी शुद्ध शब्दांत समजूत काढली असती. ती ते हळूच म्हणाली.

मी कपाटात बसून प्रयत्न केला. मला आठवत नाही असे मी लिहिले होते, ते खरे नाही. आपण दोघे कांजिण्यांनी एकाच खाटेवर पडलो होतो, खिडक्या बंद होत्या, मी तुला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत असे कारण मला तेवढेच येत होते, आणि तू एक तळहात छातीवर, एक मांडीवर, आणि मध्येच गालावर मारून घोडा आणत असस. आधी डांबरी रस्त्यावर, मग मातीत, मग पुलावर. तुझ्या छातीवर फोड होते तरी तू थांबत नसस. मी आज तसेच केले. मला खोकला आला. पिटकू म्हणाला, "आजोबा, कोणाला मारताय?"

तुझ्याकडून पत्रा येईल, डबा येईल. घोडा पार्सलने येत नाही.

उद्याचा भाग ऐकावास असे मी म्हणत नाही. तू ऐकशीलच.

दादा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

काय झाले ते तू फोनच्या तुझ्या बाजूने ऐकलेस. आमच्या बाजूने काय झाले ते लिहितो.

काल पावणेपाचला भिंगरीने खरोखरच कानांत कापूस घातला. मी तिला घोंगडीसकट उचलून कपाटात आणली आणि उशांवर ठेवली. तिने विरोध केला नाही, तेवढे बळही नव्हते. पिटकू चाळणी घेऊन सज्ज. समोरचे दार उघडे, बाईंचा पाय मशीनच्या पायटीवर. पुतणी फोनवर म्हणाली, "बाबा, आम्ही ऐकतोय." आम्ही, असे ती प्रथमच म्हणाली. मी दुर्लक्ष केले.

बातम्या सुरू केल्या. दुधाचे पातेले उतू गेल्याची. तिसऱ्या मजल्यावरील पडद्याची प्रकृती सुधारत असल्याची. मग ती ओळ आली. "बटाटा नावाच्या घोड्याचा अद्याप शोध लागलेला नाही." त्यापुढे हवामान.

मी थांबलो.

नभोवाणीवरील माझ्या सबंध नोकरीत मी बातमी आणि हवामान यांच्यामध्ये कधी थांबलो नाही, हे तुझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. थांबणे म्हणजे चूक. श्रोता समजतो की केंद्र बंद पडले. मी तोंड मिटले आणि बसून राहिलो. पिटकूने माझ्याकडे पाहिले. त्याने चाळणीसुद्धा हलवली नाही. बाईंचे मशीन थांबले. भिंगरीला काही ऐकू येत नव्हते, परंतु मी ओठ हलवत नाही हे तिला दिसत होते, म्हणून तिने एका कानातला कापूस काढला. "आजोबा, विसरलात?"

मी मान हलवली. नाही.

फोनमधून कोणीच बोलेना. मला वाटले, तू फोन ठेवलास. मला वाटले, तू आज ऐकतच नाहीस, आणि मी एका कपाटात दोन मुलांसमोर नुसता गप्प बसलो आहे. तरीही थांबलो. आता तू आलास तर आलास, नाहीतर हवामान आजन्म वाचायचे राहील.

आणि मग, अगदी दुरून, टप. टप, टप.

मी ते डांबरावर ओळखले. पिटकू उभाच राहिला आणि त्याचे डोके कपाटाच्या फळीला लागले, रडलाही नाही. भिंगरीने दुसऱ्या कानातलाही कापूस काढला. टापा मातीत आल्या. जवळ आल्या. मग पूल, धाकट्या, पूल! तोच लाकडी पूल, ज्यावर गालाचा आवाज पोकळ होतो! तुझे गाल आता बसले असतील असे मला वाटत होते, बसलेले नाहीत. घोडा धावत आला, आमच्या कपाटाच्या दाराशी येऊन थांबला आणि फुरफुरला.

"बटाटा!" भिंगरी ओरडली. तिला ओरडवत नव्हते तरी ओरडली. "आजोबा, तो आला! तो स्वतःच आला!"

पिटकू फोनवर बोट फिरवून घोड्याला कुरवाळू लागला. तिकडून शिवणाऱ्या बाई नाक ओढत म्हणाल्या, "बातमीवाले, आता सांगा की लोकांना, सापडला म्हणून."

मला ते सांगता आले नाही. वाक्य तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी होते, आणि आवाज आला नाही. तेव्हा आमच्या ध्वनिविभागाच्या प्रमुखाने, जिच्या तळहातांवर फोड आहेत, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि माझ्याच थाटात वाचले, "बटाटा सापडला. आता हवामान. हवामान छान आहे."

आज ती सकाळपासून तळहात कपड्यात गुंडाळून छातीवर हलके हलके आपटते आहे. खाजवायला तिला सवड नाही. पूल अजून जमत नाही. तिला गाल फुगवायला शिकवणारा माणूस हवा आहे आणि मला त्यातले काही कळत नाही. पुढील भागात घोड्यावर एक सरदार स्वार आहे आणि त्याची वाक्ये मी लिहितो आहे. टापा रोज फोनवरून आणणे हे केंद्राच्या इभ्रतीला शोभत नाही.

तुला कांजिण्या पुन्हा होणार नाहीत. झाल्या त्या आपण दोघांनी एकदमच काढल्या आहेत. मधली खोली रिकामी आहे, चादर बदलली आहे, आणि पलंगाखालील पत्रा जागेवर ठेवला आहे, तू येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही.

जिन्यावर येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. अनोळखी माणसाला दार उघडायचे नाही, असे मी मुलांना बजावले आहे. त्यांनी घोड्याला मात्र उघडायचे ठरवले आहे.

तुझा,
दादा